गूगल टॉकने जॅबरला मारलं… खरंच?

२०२२ च्या नोव्हेंबरात, ट्विटर विकलं गेल्यावर, आम्ही काही मित्रांनी हौसेने एक मॅस्टोडॉन सर्व्हर चालू केला. सदस्य आज सगळे मिळून अडतीस. महिन्याचं भाडं वर्गणी काढून भरतो, अपडेट करायच्या पाळ्या लावल्यात, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये होतात तशी भांडणंही होतात. सध्याचं भांडण जुनंच आहे. मेटाच्या थ्रेड्सला आम्ही जुलै २०२३ मध्ये सरसकट ब्लॉक केलं होतं. ते तसंच ठेवायचं की काढायचं?

२०२३ मध्ये "ब्लॉक करा" म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडणारा मीच होतो. सगळ्यांना एक लांबलचक विरोप पाठवला होता. त्याचं सार एवढंच, की गूगलने जॅबरला गोड बोलून जवळ घेतलं आणि मग गळा दाबला, आता मेटा तेच करणार. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं होतं! आता परत मतदान आलंय म्हणून म्हटलं, तो विरोप पुन्हा वाचावा, तारखा तपासाव्यात. दोन शनिवार त्यात गेले आणि लक्षात आलं की मी सांगितलेली गोष्ट अर्धीच खरी होती. उरलेल्या अर्ध्यासाठी हा प्रपंच.

ज्यांचा या भानगडीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पूर्वपीठिका. ईमेल घ्या. तुमचा पत्ता एका कंपनीकडे, माझा दुसरीकडे, तरी पत्र पोचतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून सिग्नलवर मात्र निरोप जात नाही. मॅस्टोडॉनचं घराणं ईमेलचं आहे. हजारो छोटे-मोठे सर्व्हर, प्रत्येकाचा मालक वेगळा, पण सगळे एकाच ठरलेल्या भाषेत एकमेकांशी बोलतात. या भाषेचं नाव अ‍ॅक्टिव्हिटीपब, आणि जानेवारी २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. या सगळ्या पसाऱ्याला फेडिव्हर्स म्हणतात.

ही कल्पना संगणकवाल्यांनी शोधली असं आम्हाला वाटतं, पण तसं काही नाही. संस्थानी काळातली टपालाची तिकिटं कोणी जमवली असतील तर त्यांना आठवेल. हैदराबाद किंवा त्रावणकोरचं तिकीट संस्थानाच्या हद्दीतच चालायचं. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी मात्र १८८५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपालखात्याशी करार केला. मग ब्रिटिश तिकिटावरच 'ग्वालियर' असा ठसा मारायचे आणि ते पत्र हिंदुस्थानभर जायचं. आता यात फायदा कोणाचा झाला, ग्वाल्हेरच्या प्रजेचा की ब्रिटिश टपालखात्याचा? माझ्या मते दोघांचा. पण करार मोडला असता तर कोणाचं जास्त अडलं असतं, याला उत्तर एकच आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जॅबर. १९९९ साली चॅटिंगची दुनिया म्हणजे आयसीक्यू, एओएलचा निरोप्या (एआयएम), याहू, आणि जुलैमध्ये आलेला एमएसएन मेसेंजर. चौघांची चार घरं, चारही दारं बंद. मायक्रोसॉफ्टने आल्या आल्या एओएलच्या लोकांशी बोलायची सोय आपल्या प्रोग्रॅममध्ये टाकली, अर्थात एओएलला न विचारता. एओएलने ती बंद पाडली. मायक्रोसॉफ्टने पळवाट काढली, एओएलने ती बुजवली. उन्हाळाभर हा खेळ चालला. शेवटी एओएलने जे केलं ते वाचून मी अक्षरशः हसलो. त्यांनी स्वतःच्याच प्रोग्रॅममधल्या एका सुरक्षेच्या भोकाचा उपयोग करून समोरचा प्रोग्रॅम अस्सल आहे की नकली हे ओळखायला सुरुवात केली! नकली प्रोग्रॅममध्ये ते भोक कुठून असणार? नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने हात टेकले.

त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या जेरेमी मिलर नावाच्या प्रोग्रॅमरने जॅबर जाहीर केला होता. कल्पना साधी. चॅटसुद्धा ईमेलसारखं असावं, ज्याला हवं त्याने आपला सर्व्हर चालवावा, सगळ्यांनी सगळ्यांशी बोलावं. २००४ च्या ऑक्टोबरात आयईटीएफने या भाषेला प्रमाण केलं आणि एक्सएमपीपी असं बोजड नाव दिलं. वापरणारे म्हणजे बहुतेक लिनक्सवाले, विद्यापीठातली मंडळी आणि माझ्यासारखे रिकामटेकडे.

ऑगस्ट २००५ मध्ये गूगल टॉक आलं, आणि ते एक्सएमपीपीवर चालणारं होतं. जानेवारी २००६ मध्ये गूगलने आपले सर्व्हर बाहेरच्या जॅबर सर्व्हरांना खुले केले. पुढच्याच महिन्यात चॅटची खिडकी थेट जीमेलच्या पानात आली. त्या दिवसांत पुण्यातल्या कुठल्याही आयटी ऑफिसात बघा, प्रत्येकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात हिरवे ठिपके. आम्हा जॅबरवाल्यांना वाटलं, जिंकलो! आपण सांगत होतो ते एवढ्या मोठ्या कंपनीने मान्य केलं. आता मित्रांना "हे डाउनलोड कर, मग ते सेटिंग बदल" असं सांगायची कटकट संपली. जीमेल आहे ना? झालं तर मग.

खरी मेख इथेच होती, आणि ती गूगलने मारलेली नव्हती. माझा जॅबरचा पत्ता एका छोट्या सर्व्हरवर होता, पण माझ्या यादीतली जवळजवळ सगळी नावं जीमेलवाल्यांची. म्हणजे मी स्वतंत्र घरात राहत होतो खरा, पण माझ्या घराला एकच खिडकी होती आणि ती शेजारच्या बंगल्यात उघडत होती. नवीन माणसाला मी जॅबर घे म्हणून सांगणं कधी बंद केलं ते मला आठवतसुद्धा नाही. गरजच उरली नव्हती.

फेब्रुवारी २०१३ मध्ये गूगलने बाहेरच्या सर्व्हरवरून येणारी मैत्रीची आमंत्रणं अडवायला सुरुवात केली. कारण दिलं स्पॅमचं. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्यावर जाहीर आक्षेप घेतला. मग मे महिन्यात हँगआउट्स आलं आणि त्यात बाहेरच्या सर्व्हरशी बोलायची सोयच नव्हती. गंमत अशी की त्याच कार्यक्रमात लॅरी पेज व्यासपीठावरून मायक्रोसॉफ्टबद्दल तक्रार करत होता. आम्ही कधीपासून दार उघडं ठेवलंय, यांनी त्याचा फायदा घेतला पण आपलं दार काही उघडलं नाही, अशा अर्थाची. मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या मेलमध्ये गूगलचं चॅट आणायची घोषणा आदल्याच दिवशी केली होती. तक्रार खरीच होती म्हणा. पण दार बंद करायच्या दिवशीच ती करायची म्हणजे…

इथपर्यंतची गोष्ट मी २०२३ च्या विरोपात सांगितली होती. जून २०२३ मध्ये प्लूम या नावाने लिहिणाऱ्या एका बेल्जियन प्रोग्रॅमरचा याच विषयावरचा लेख जालावर सगळीकडे फिरला होता. माझा सगळा आवेश तिथून आलेला. लेख चांगला आहे, आजही वाचावा. पण गोष्ट पुढे आहे.

हँगआउट्स आलं तरी जुना गूगल टॉक एकदम मेला नाही. जे जुन्यावरच राहिले त्यांच्याशी जॅबरवाले बोलू शकत होते. मधल्या काळात, जून २०१३ मध्ये, एडवर्ड स्नोडेनने अमेरिकन सरकारच्या पाळतीची कागदपत्रं उघड केली. जॅबर सर्व्हर चालवणाऱ्या मंडळींनी त्यावर एकत्र येऊन ठरवलं, की १९ मे २०१४ पासून सर्व्हर ते सर्व्हर वाहतूक सांकेतिकच हवी, उघड्यावर काही घेणार नाही आणि देणार नाही. गूगल टॉकच्या सर्व्हरांना बाहेरच्यांशी असं बोलता येत नव्हतं, आणि गूगलने ते शिकवायचे कष्टही घेतले नाहीत. त्यामुळे त्या दिवशी ज्या ज्या जॅबर सर्व्हरने हा नियम लावला, त्याचा गूगलशी संपर्क तुटला.

म्हणजे शेवटची कडी कोणी घातली? आतून, जॅबरवाल्यांनी! आणि माझ्या मते योग्य केलं. पण मग "गूगलने मारलं" हे वाक्य जसंच्या तसं टिकत नाही.

आणि खुनाचा संशयित शोधायचाच तर आणखी एक जण रांगेत आहे. २००९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप निघालं, तेही मुळात एक्सएमपीपीलाच कापून-छाटून बनवलेलं, इजॅबर्डी या जॅबरच्याच सर्व्हरवर उभं केलेलं. फक्त दारं-खिडक्या बंद. फोनवर जॅबरची अवस्था तेव्हा दयनीय होती. रेंज गेली की निरोप हवेत, बॅटरी तासाभरात खलास, कॉम्प्युटरवर आलेला निरोप फोनवर दिसायचा नाही. यावरचे तोडगे आले, पण यायला वर्षं लागली, कारण डझनभर प्रोग्रॅम आणि शेकडो सर्व्हर यांचं एकमत व्हायला वेळ लागतोच. तोपर्यंत माझी आईसुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर पोचली होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने ते १९ अब्ज डॉलरला घेतलं. जॅबर आजही आहे, मीही वापरतो. यादीत सात जण आहेत.

थोडक्यात काय, तर २००६ मध्ये जॅबरवाल्यांनी गूगलला ब्लॉक केलं असतं तर जॅबर वाचला असता असं म्हणायला मला काहीच आधार सापडला नाही. आठ वर्षं आधीच सात जणांवर आला असता, एवढंच.

मग ब्लॉक करणं निरर्थक आहे का? इथे मला त्याहून जुनी गोष्ट सापडली, ती यूजनेटची.

यूजनेट म्हणजे १९७९ साली ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांच्या डोक्यातून निघालेलं चर्चेचं जाळं. याला मालक नाही, मुख्यालय नाही. एका संगणकाने आपल्याकडचे संदेश दुसऱ्याला द्यायचे, त्याने तिसऱ्याला. दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवी पोरं यायची, महिनाभर धुडगूस घालायची आणि मग रीतभात शिकून शहाणी व्हायची. १९९३ पासून पुढे एओएलसारख्या कंपन्यांनी आपल्या लाखो ग्राहकांना यूजनेटचं दार उघडून दिलं आणि तो सप्टेंबर परत संपलाच नाही. जुनी मंडळी त्याला 'न संपणारा सप्टेंबर' असंच म्हणतात. तेव्हाही "या कंपन्यांना तोडा" अशी ओरड झाली. पण नवीन माणसाला रीत माहीत नाही हा काही त्याला हाकलण्यासारखा गुन्हा नव्हे, असं मला तरी वाटतं.

१९९७ ची गोष्ट वेगळी आहे. यूयूनेट ही तेव्हाची जगातली एक अगडबंब इंटरनेट कंपनी. तिच्या जोडण्यांवरून यूजनेटवर जाहिरातींचा पूर येत होता. तक्रारी करून लोक थकले, कंपनी ढिम्म. मग स्वयंसेवकांनी आधी इशारा दिला, आणि ऑगस्ट १९९७ मध्ये 'यूजनेट मृत्युदंड' जाहीर केला. (नाव भयंकर आहे, पण यात कोणी मरत नाही.) यूयूनेटहून येणारे संदेश धडाधड रद्द व्हायला लागले. त्यात साध्या, सज्जन ग्राहकांचेही गेले. ग्राहक कंपनीच्या नावाने ओरडायला लागले. थोड्याच दिवसांत कंपनीने स्पॅमविरुद्ध पावलं उचलली आणि दंड मागे घेतला गेला. नाक दाबल्यावर तोंड उघडतं म्हणतात ते हेच. त्याच वर्षी नोव्हेंबरात कॉम्प्युसर्व्हवर हीच पाळी आली.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या तेव्हा मला फरक दिसला. १९९७ मध्ये यूयूनेटच्या ग्राहकांना यूजनेट हवं होतं, ते त्याचे पैसे मोजत होते. नाक जॅबरवाल्यांच्या हातात कधीच नव्हतं. २०१३ मध्ये गूगलच्या एका तरी सामान्य ग्राहकाने "माझा जॅबरवाला मित्र दिसेना" म्हणून आरडाओरडा केला असेल? मला शंका आहे. त्यांच्याकडे नाक असायची शक्यता फक्त २००६ मध्ये होती, जेव्हा गूगलला "आम्ही खुले आहोत" असं मिरवायची हौस होती. तेव्हा अटी घालता आल्या असत्या. वाहतूक सांकेतिक ठेवा, बाहेरच्यांच्या आमंत्रणांना आतल्यांसारखंच वागवा, वगैरे. तेव्हा कोणी अटी घातल्या नाहीत, कारण आम्ही सगळे विजयोत्सवात दंग! मी पण.

आता थ्रेड्स. जुलै २०२३ मध्ये आलं, पाच दिवसांत दहा कोटी लोकांनी नोंदणी केली. त्या तुलनेत मॅस्टोडॉनवर महिन्याला येणारे लोक म्हणजे दहा-वीस लाखांचा मामला. थ्रेड्स यायच्या आधीच, जूनमध्ये, शेकडो छोट्या सर्व्हरांच्या चालकांनी 'फेडिपॅक्ट' नावाच्या प्रतिज्ञेवर सह्या करून मेटाला दारातूनच परत पाठवायचं ठरवलं. मॅस्टोडॉनचा जनक ओयगेन रोख्को मात्र ब्लॉकच्या बाजूचा नव्हता आणि त्याचा मुख्य सर्व्हर खुलाच राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये मेटाने चाचणी सुरू केली, मार्च २०२४ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि जपानमधल्या लोकांना आपल्या पोस्ट बाहेर पाठवायची सोय दिली, नंतर ती इतर देशांत आली. पण ती आपणहून चालू करावी लागते. त्यामुळे २०२३ मध्ये मी ज्या महापुराची भीती घातली होती तो आलाच नाही. मेटाला हे का हवं असेल? युरोपातल्या नव्या कायद्यांकडे बघून असेल, असा पुष्कळांचा अंदाज आहे. कारण काही असो, या घडीला त्यांना काहीतरी हवं आहे, आणि तेवढ्यापुरतं नाक हातात आहे. आमच्या अडतीस जणांच्या नाही, मोठ्या सर्व्हरांच्या.

आपल्याकडचा अनुभवही विसरता येत नाही. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं गेलं. त्यांनी लावलेला फोटो होता नाझी सलाम ठोकायला नकार देणाऱ्या जर्मन माणसाचा! संतापून नोव्हेंबरात हजारो भारतीय मॅस्टोडॉनवर आले. आणि बहुतेक परत गेले. ज्यांच्याशी बोलायचं ते सगळे तिकडेच राहिले होते. तेव्हा मध्ये पूल असता तर यातले थोडे तरी टिकले असते असं मला वाटतं.

हे सगळं मी मागच्या रविवारच्या कॉलवर सांगितलं. इतिहास वगैरे ऐकून सगळे माना डोलवत होते. मग आमच्यातल्या एक ताई बोलल्या. एरवी त्या फारसं बोलत नाहीत. म्हणाल्या, "तुझं गूगलपुराण छान आहे रे, पण मी इथे का आले ते तुला माहितीये ना?" माहीत होतं. दुसऱ्या एका मोठ्या साइटवर एक माणूस त्यांच्या दोन वर्षं मागे लागला होता, खाती बदलून बदलून. तक्रारींचा उपयोग झाला नव्हता. आमच्या सर्व्हरवर त्या आल्या कारण इथे तक्रार केली तर ती वाचणारा माणूस नावाने ओळखीचा आहे.

यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. आणि हा एकट्या ताईंचा प्रश्न नाही. फेडिपॅक्टवाल्यांचा राग मुळात प्रोटोकॉलच्या इतिहासापेक्षा याच गोष्टीवर होता. म्यानमारमधल्या रोहिंग्यांवरच्या अत्याचारांत फेसबुकवरून पसरलेल्या द्वेषाचा वाटा होता असं संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन समितीने २०१८ मध्ये म्हटलं, आणि त्याच वर्षी कंपनीनेही आपण पुरेसं केलं नाही अशी कबुली दिली. ज्यांची तक्रारपेटी अशी, त्यांच्या लोकांना आपल्या अंगणात का येऊ द्यायचं? हा प्रश्न चुकीचा नाही. "ते आपल्याला गिळतील" यापेक्षा हा कितीतरी पक्का मुद्दा आहे, आणि २०२३ च्या माझ्या विरोपात त्यावर एक ओळसुद्धा नव्हती.

आता थोडं तांत्रिक. मॅस्टोडॉनमध्ये सर्व्हर-चालकाच्या हातात फक्त चालू किंवा बंद एवढंच नसतं. पूर्ण ब्लॉक केलं तर दोन्हीकडची येजा बंद, आणि जुळलेली नाती तुटतात. नंतर ब्लॉक काढलं तरी ती आपोआप जुळत नाहीत. मधला पर्याय आहे 'मर्यादित'. मग थ्रेड्सवाले आमच्या सार्वजनिक पानावर दिसणार नाहीत, अनोळखी माणसाचा उल्लेख तुमच्यापर्यंत येणार नाही, कोणी फॉलो करायला आलं तर ते तुमच्या मंजुरीशिवाय होणार नाही. पण तुम्ही स्वतः शोधून तिथल्या बहिणीला फॉलो केलंत तर तिच्या पोस्ट येतील. शिवाय कोणालाही आपल्यापुरतं अख्खं थ्रेड्स ब्लॉक करता येतं. आणि एक गैरसमज: ब्लॉक केलं म्हणजे आपलं सार्वजनिक लिखाण मेटाला दिसत नाही, असं नाही. सार्वजनिक ते सार्वजनिक, ब्राउझर उघडून कोणीही वाचू शकतं.

मी 'मर्यादित' ला मत दिलंय. ताईंना ते पुरेसं वाटत नाही. त्यांचं म्हणणं, मंजुरी मागायला आलेलं नावसुद्धा त्यांना बघायचं नाही. ते खातं त्या स्वतःपुरतं ब्लॉक करू शकतात हे मी सांगितलं, तर म्हणाल्या, "म्हणजे परत मीच करायचं." खरं आहे.

म्हणून प्रस्तावात दोन ओळी वाढवल्यात. ज्यांना हवं त्यांच्या खात्यावर थ्रेड्सचं ब्लॉक आम्ही चालक आधीच शेजारी बसून लावून देऊ आणि मगच सर्व्हरचं ब्लॉक काढू. आणि थ्रेड्सबद्दल एका महिन्यात तीन खऱ्या तक्रारी आल्या तर नवं मतदान न घेता पूर्ण ब्लॉक परत लागेल. रात्रीच्या तक्रारी पहिले तीन महिने मी बघणार, हे लेखी दिलंय. मतदान उद्या रात्री दहाला बंद होतंय. आत्तापर्यंत 'मर्यादित' चौदा, 'आहे तसंच' बारा. ताईंचं मत अजून आलेलं नाही.